पात्यावरची अक्षरे आणि त्यांचा आधार : पुण्यातील एका घडीच्या चाकूचे प्रकरण

मागणीनुसार घडवलेल्या खिशातल्या चाकूच्या पात्यावर पोलादाची जात कोरावी की नाही, हा प्रश्न कारागीर मंडळी बहुधा आवडीनिवडीचा समजतात. काहींना पाते कोरे, स्वच्छ आवडते. काहीजण गिऱ्हाइकाने मागितली तर अक्षरे टाकून देतात आणि नाही मागितली तर विषयही काढत नाहीत. पुण्यात घडलेल्या पुढील प्रकरणात मात्र हा प्रश्न आवडीचा राहिला नाही. एका पात्यावर ‘डी२’ (हत्यारे आणि साचे करायला वापरतात त्या पोलादाची एक जात) अशी अक्षरे होती आणि पाते डी२चे नव्हते. तरीही सगळ्या घटनांचा माग काढल्यावर ती अक्षरे कोरली गेली हे चांगलेच झाले, अशा निष्कर्षाला मी आलो आहे. तो निष्कर्ष कसा निघतो हे दाखवण्यासाठी हे प्रकरण तपशिलाने मांडतो. संबंधितांची आणि त्यांच्या व्यवसायांची नावे वगळली आहेत.

मागणी आणि तिची पूर्तता

कारागीर हे भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. पंच, डाय आणि प्रेस टूल (पत्रा कापण्याची व दाबून आकार देण्याची साधने) करण्यात त्यांची नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये बेल्ट ग्राइंडर, ड्रिल आणि एक जुना सरफेस ग्राइंडर एवढ्या सामग्रीवर घडीचे चाकू करायला सुरुवात केली. पाते कापणे, घासणे, पाठीची स्प्रिंग बसवणे, मुठीला शिसवी पट्ट्या लावणे ही सगळी कामे ते स्वतः करतात. फक्त हार्डनिंगसाठी (तापवून कडक करण्यासाठी) पाती बाहेर, जॉबवर्क घेणाऱ्या एका व्हॅक्यूम भट्टीवाल्याकडे जातात. त्यांच्या पात्यावर आद्याक्षराच्या बारीक ठशाखेरीज काही नसे. पोलाद कोणते हे ते चाकू हातात देताना तोंडी सांगत.

ग्राहक असलेल्या बाई कोथरूडला राहतात आणि सासवडजवळ त्यांची सीताफळ व अंजिराची बाग आहे. त्यांना कलमे बांधण्यासाठी घडीचा चाकू हवा होता. पाते साधारण साडेसात सेंटिमीटरचे, एका बाजूने सपाट आणि धार अतिशय बारीक असावी अशी त्यांची अट होती, कारण कलमकाडीला पाचरीचा काप देताना पाते अडखळले की साल फाटते आणि जोड धरत नाही. शिवाय अंजिराचा चीक पात्यावर बसतो आणि साधे कार्बन पोलाद त्याने लवकर काळवंडते. कारागिराने डी२ सुचवले. डी२मध्ये कार्बन १.४ ते १.६ टक्के, क्रोमियम ११ ते १३ टक्के, मॉलिब्डेनम १ टक्क्याच्या आसपास आणि थोडे व्हॅनेडियम असते. ते पूर्णपणे गंजरोधक नसले तरी साध्या पोलादापेक्षा डागांना बराच काळ तोंड देते आणि धार पुष्कळ टिकवते. कलमाच्या चाकूसाठी ही माझी पहिली निवड झाली नसती. डी२मधील क्रोमियम कार्बाइडचे (क्रोमियम आणि कार्बन यांच्या कडक संयुगाचे) कण मोठे असतात आणि फार बारीक कोनाची धार त्यांच्यामुळे कमकुवत होते. स्वीडिश १४सी२८एनसारखे सूक्ष्म कार्बाइडचे गंजरोधक पोलाद अशा कामाला अधिक चालते. परंतु कारागिराची हयात ज्या पोलादात गेली ते त्यांनी सुचवले, आणि ही निवड चुकीची म्हणता येणार नाही.

मागणी नक्की करताना बाईंनी एक गोष्ट आग्रहाने सांगितली. “काका, उद्या हा चाकू मुलाच्या हातात गेला तर पोलाद कोणतं हे त्याला कोण सांगणार? पात्यावरच लिहून द्या.” कारागिराचे उत्तर असे होते : “ताई, लिहायला माझी हरकत नाही. पण धार अक्षरांवर नसते, भट्टीवर असते.” दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि पुढे जे घडले ते या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घडले. तयार पात्यावर स्टेन्सिल ठेवून, मिठाच्या पाण्याने भिजवलेल्या पॅडमधून कमी दाबाचा विद्युत्प्रवाह देऊन, त्यांनी ‘डी२’ ही अक्षरे उमटवली.

तक्रार आणि तिचा शोध

पहिल्याच कलमांच्या हंगामात धारेचे बारीक टवके उडू लागले. बाईंनी चाकू परत आणला. कारागिराने भिंगाखाली धार पाहिली तेव्हा ती कुठेही वळलेली नव्हती, फक्त तुटलेली होती. म्हणजे पोलाद मऊ राहिले नव्हते, उलट ठिसूळ झाले होते. त्यांचा पहिला संशय साहजिकच भट्टीवर गेला. भट्टीवाल्याने आपल्या नोंदी दाखवल्या. डी२साठी जे चक्र वापरतात तेच वापरले होते : सुमारे १०२० अंशांपर्यंत तापवणे, नायट्रोजनच्या झोताने थंड करणे आणि नंतर २०० अंशांच्या आसपास दोनदा टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा थोडे तापवणे). मुठीत राहणाऱ्या सपाट भागावर रॉकवेल यंत्राने मोजलेला कडकपणा ५९ होता, आणि डी२च्या चाकूसाठी तो अगदी योग्य आकडा आहे. कागदोपत्री कोणाचीच चूक दिसत नव्हती.

बरेचसे कारागीर येथेच थांबले असते. धार लावण्याचा कोन फार बारीक होता, चाकू गाठीवर वापरला असेल, असे सांगून प्रकरण मिटवता आले असते, आणि त्यात थोडे तथ्यही असते, कारण त्या कोनाला खऱ्या डी२नेही काही टवके दिलेच असते. या कारागिरांनी तसे केले नाही, हे त्यांच्याविषयी आदराने नोंदवतो. ज्या बारमधून पाते कापले होते त्याचा उरलेला तुकडा त्यांच्याकडे होता. तो तुकडा आणि तो चाकू, दोन्ही घेऊन ते चाचणी प्रयोगशाळेत गेले.

पात्यावर हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने तपासणी झाली. हे यंत्र क्ष-किरणांनी धातूतील मूलद्रव्ये ओळखते आणि वस्तूला ओरखडाही पडू देत नाही, परंतु कार्बनसारखे हलके मूलद्रव्य त्याला दिसत नाही. क्रोमियम अपेक्षेप्रमाणे १२ टक्क्यांच्या आसपास आले. मॉलिब्डेनम मात्र नावापुरतेच निघाले. खरी खूणगाठ तेथे पडली. उरलेल्या तुकड्यावर मग स्पेक्ट्रोमीटरची ठिणगी टाकून कार्बन मोजला. या चाचणीत धातूवर काही मिलिमीटरचा जळका डाग राहतो, म्हणून ती तयार पात्यावर करत नाहीत. कार्बन २ टक्क्यांहून अधिक निघाला. हे डी३ होते.

डी२ आणि डी३ ही एकाच घराण्यातील पोलादे आहेत. दोन्हींत क्रोमियम सारखेच असते, दोन्ही घासले जाण्याला चांगला विरोध करतात, आणि नुसत्या डोळ्यांनी किंवा कानस फिरवून त्यांच्यातला फरक कळत नाही. पुण्याच्या बाजारात दोन्हींना सर्रास ‘एचसीएचसीआर’, म्हणजे हाय कार्बन हाय क्रोमियम, म्हणतात, आणि पंच-डायच्या पुष्कळ कामांत दोन्ही चालूनही जातात. परंतु डी३मध्ये कार्बन २ टक्क्यांच्या वर असल्याने कार्बाइडचे प्रमाण अधिक, चिवटपणा कमी. आणि त्याचे तापमानही वेगळे, साधारण ९४० ते ९८० अंश, त्यानंतर तेलात थंड करणे. ते १०२० अंशांवर नेले की कण मोठे होतात आणि अवशिष्ट ऑस्टेनाइट (थंड करूनही कडक रूपात न बदललेला भाग) वाढते. पाते पातळ असल्यामुळे वायूच्या झोतातही ते कडक झाले, कडकपणाचा आकडा बरोबर आला, आणि म्हणून चूक झाकली गेली. रॉकवेलचा आकडा पोलादाची ओळख सांगत नाही. पाच वेगवेगळी पोलादे ५९ला आणता येतात. ज्यांना वाटते की कडकपणा मोजला म्हणजे पोलाद तपासले, त्यांनी या प्रकरणातील हा भाग नीट पाहावा.

चूक नेमकी कोठे झाली

भट्टीवाल्याने चलनावर, म्हणजे पात्यांसोबत आलेल्या कागदावर, लिहिलेले वाचले आणि त्याप्रमाणे काम केले. चलनावर कारागिराने ‘डी२’ लिहिले होते. कारागिराने ते लिहिले, कारण दुकानदाराने तसे सांगितले होते. बिलावर मात्र केवळ ‘एचसीएचसीआर, कट पीस’ असे शब्द होते.

कट पीस हा येथे कळीचा मुद्दा आहे. पोलाद गिरणीतून बाहेर पडते तेव्हा त्याच्या प्रत्येक वितळीला हीट नंबर असतो, त्या नंबराचे टेस्ट सर्टिफिकेट असते (आपल्याकडे त्याला टीसी म्हणतात) आणि बारच्या टोकाला रंग लावलेला किंवा नंबर ठोकलेला असतो. टूलरूममध्ये उमेदवाराला अगदी सुरुवातीला शिकवतात ती गोष्ट अशी की, बार नेहमी कोऱ्या टोकाकडून कापायचा आणि खुणेचे टोक शेवटपर्यंत राखायचे. ज्या दिवशी कोणीतरी रंगाच्या टोकाकडून तुकडा कापतो, त्या दिवसापासून उरलेला बार अनाथ होतो. दुकानातील तुकडा असाच कधीतरी अनाथ झालेला होता. दुकानदाराने फसवले असे म्हणायला मला आधार सापडला नाही. त्याच्या लेखी एचसीएचसीआर मागणाऱ्याला एचसीएचसीआर दिले एवढेच होते, आणि ‘डी२ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर काउंटरवर सहज निघून जाते.

म्हणजे या साखळीत दुकानदाराचा एक तोंडी होकार चलनावर उतरला, चलनावरून भट्टीच्या तापमानात उतरला आणि शेवटी पात्यावर कोरला गेला. प्रत्येक टप्प्यावर तो अधिक पक्का दिसू लागला, पण त्याला पुरावा कोणत्याच टप्प्यावर मिळाला नव्हता. कारागिराची चूक पोलाद न ओळखण्याची नाही, ते कोणालाच ओळखता येत नव्हते. त्यांची चूक ही की, जे त्यांनी फक्त ऐकले होते ते त्यांनी जाणलेल्याच्या स्वरूपात लिहिले.

कोऱ्या पात्यांचे काय

येथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की पाते कोरेच ठेवण्याची जुनी पद्धत बरी होती; अक्षरे नसती तर ती खोटीही ठरली नसती. कारागिरालाही प्रथम तसेच वाटले. त्यांचे मत बदलले ते पुढच्या गोष्टीमुळे.

त्याच बारमधून त्यांनी आणखीही चाकू केले होते. त्या ग्राहकांनी अक्षरे मागितली नव्हती, म्हणून पाती कोरी होती. परंतु त्या प्रत्येकाला हे डी२ आहे असे तोंडी सांगितले होते, आणि त्या सगळ्या पात्यांना भट्टीत तीच चुकीची वागणूक मिळाली होती. आता त्यांना कळवणे कर्तव्य होते. कारागिराच्या वहीत मागण्यांची नोंद होती, पत्ते होते, तारखा होत्या. कोणता चाकू कोणत्या बारमधून निघाला याची नोंद नव्हती. त्या काळात शेडमध्ये आधीच्या खरेदीचा, बहुधा खऱ्या डी२चा, बारही शिल्लक होता आणि दोन्हींतून पाती कापली गेली होती. कोरी पाती एकमेकांसारखीच दिसतात. चूक किती हातांत पोहोचली हे त्यांना स्वतःला सांगता येईना.

कोरे पाते खोटे बोलत नाही हे खरे. पण त्याच्याविषयी बोललेले खोटे ठरले तर ते पकडताही येत नाही. बाईंच्या चाकूवर अक्षरे होती म्हणून तक्रारीला बोट ठेवायला जागा मिळाली : येथे डी२ लिहिले आहे, मग डी२ असे का वागते? त्या प्रश्नाला उत्तर देणे भाग पडले आणि शोध सुरू झाला. तोंडी सांगितलेले डी२ ग्राहक विसरतो, किंवा आपल्यालाच नीट आठवत नसेल म्हणून गप्प बसतो. कोऱ्या पात्यावर टवका उडाला तर माणूस धार लावून पुढे जातो.

कारागिराने शेवटी त्या संपूर्ण काळातील सगळ्या ग्राहकांना फोन केले आणि ज्यांनी चाकू आणून दिले त्यांची एक्सआरएफ तपासणी करून घेतली. काही खरेच डी२ निघाले, काही डी३. डी३ निघालेल्यांना त्यांनी नवे पाते देऊ केले. एका ग्राहकाने ते नाकारले. त्यांच्या मते चाकू उत्तम चालत होता आणि त्यांना फक्त योग्य नाव हवे होते. त्यांच्या पात्यावर आता ‘डी३’ कोरलेले आहे. हे मला फार समंजस वाटते, कारण डी३ हे हलके पोलाद नाही. जाड धारेच्या, घासून काम करणाऱ्या पात्याला ते चांगले आहे.

अक्षरांच्या विरोधात जे बोलले जाते

पोलादाचे नाव कोरू नये असे म्हणणारे कारागीर अप्रामाणिक नसतात, आणि त्यांचे मुद्दे झटकून टाकण्यासारखे नाहीत. सर्वांत वजनदार मुद्दा असा की, पोलादाच्या नावाला गिऱ्हाईक नको इतके महत्त्व देऊ लागते. पात्याचे वागणे तीन गोष्टींवर ठरते : पोलाद, त्याला दिलेले पाणी (म्हणजे भट्टीत तापवणे आणि थंड करणे) आणि धारेची भूमिती. यांतील पहिलीच गोष्ट पात्यावर लिहिली जाते आणि उरलेल्या दोन कौशल्याच्या असूनही अदृश्य राहतात. महाग पोलादाला वाईट पाणी दिलेला चाकू साध्या ईएन३१ पोलादाच्या नीट पाणी दिलेल्या चाकूपुढे टिकत नाही. हे सगळे मान्य केले तरी त्यातून एवढेच निघते की नाव पुरेसे नाही. ते लपवावे असे निघत नाही. गिऱ्हाइकाला भट्टीचे महत्त्व कळत नसेल तर त्याला भट्टीची माहिती द्यावी.

दुसरा मुद्दा मोठ्या कारखान्यांच्या दाखल्याचा असतो. स्विस चाकू म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्यावर पोलादाचा क्रमांक नसतो. गंजरोधक असल्याची खूण तेवढी असते, आणि कंपनीच्या नावातले ‘इनॉक्स’ हे अंग १९२१मध्ये त्या गंजरोधक पोलादावरूनच आले. लोक तरीही विश्वास ठेवतात. परंतु तेथे पाठीशी एक संस्था आहे, तिचे पोलाद ठरलेले आहे आणि उद्याही उत्तर द्यायला ती असेल असा भरवसा आहे. एकट्या कारागिराचे तसे नसते. शेड बंद झाली की माहितीही संपते, आणि चाकू मात्र पुढची दोन-तीन माणसे वापरतात. उलट दाखलेही आहेतच. अमेरिकेतील स्पायडर्को ही कंपनी पात्यावर पोलादाचे नाव छापते. आणि ही काही आजची हौस नव्हे. पुण्याच्या जुन्या बाजारात अजूनही इंग्लंडमध्ये बनलेल्या पटाशा मिळतात, त्यांवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा असतो. शेफील्डमध्ये १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून पोलाद करण्याची रीत बसवल्यानंतर ते पोलाद वेगळे ओळखता यावे म्हणून ती खूण रूढ झाली.

तिसरा मुद्दा सोन्याच्या हॉलमार्कशी तुलना करून मांडला जातो, आणि तो मला सर्वांत अधिक पटतो. दागिन्यावर २२के९१६ असते तेव्हा ते सोनाराचे म्हणणे नसते. मान्यताप्राप्त केंद्राने दागिना तपासलेला असतो, आणि १ एप्रिल २०२३पासून त्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक, एचयूआयडी, हाही बंधनकारक आहे. चाकूच्या पात्यावरील ‘डी२’मागे असे कोणीही नाही. ग्राहक मात्र दोन्ही खुणा एकाच विश्वासाने वाचतो. म्हणूनच कोरणाऱ्याची जबाबदारी सोनारापेक्षा अधिक आहे, कमी नाही, कारण येथे तपासणारा, लिहिणारा आणि विकणारा एकच माणूस आहे.

धार लावणाऱ्याची बाजू या चर्चेत कोणी फारशी मांडत नाही. पेठेतल्या धारवाल्याकडे चाकू जातो तेव्हा तो सगळ्यांना एकाच साणेवर घेतो. २०० अंशांवर टेम्पर केलेले पाते कोरड्या, वेगात फिरणाऱ्या चाकावर क्षणभर जास्त दाबले की धारेचे तापमान त्यापुढे जाते, रंग पिवळट होऊन निळ्याकडे झुकतो आणि धार कायमची मऊ पडते. व्हॅनेडियम भरपूर असलेल्या पोलादावर साधी साण वेळ खाते आणि हिऱ्याची पट्टी लागते. पात्यावर नाव असेल तर निदान जाणत्या माणसाला कोठे थांबायचे ते कळते. बाईंनी मुलासाठी जी काळजी व्यक्त केली होती ती याच स्वरूपाची होती.

कायद्याची बाजू

चाकूवर पोलादाची जात लिहिलीच पाहिजे असा नियम माझ्या वाचनात कोठेही नाही. परंतु लिहिली, तर ती वस्तूचे वर्णन ठरते, आणि वस्तुविक्री अधिनियम, १९३०च्या कलम १५नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९मध्येही वस्तूची गुणवत्ता, शुद्धता आणि दर्जा यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क नमूद आहे. तोंडी वर्णनही वर्णनच असते. फक्त ते सिद्ध करणे कठीण. अक्षरे न कोरल्याने जबाबदारी टळते असे ज्यांना वाटते त्यांची जबाबदारी टळत नाही, ग्राहकाचा पुरावा तेवढा जातो. या प्रकरणात कायद्यापर्यंत जाण्याची वेळ आली नाही. कारागिराने चाकू ठेवून घेतला, नवा करून दिला आणि तपासणीचा खर्चही स्वतः सोसला.

आता काय केले जाते

माझे मत असे की, पोलादाचे नाव पात्यावर यावे. मात्र ते टीसी आणि स्वतः करून घेतलेली तपासणी यांच्या आधारावरच यावे, आणि तो आधार नसेल तेथे पोलादाचे नाव न टाकता अनुक्रमांक टाकावा. दोहोंपैकी एकच शक्य असेल तर मी अनुक्रमांकाची निवड करीन, कारण नाव चुकू शकते, तर क्रमांकावरून वहीपर्यंत पोहोचता येते आणि वहीतून बारपर्यंत.

कारागिराने बसवलेली पद्धत याच दिशेची आहे आणि तिच्यातील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. पाते कापले की हार्डनिंगला जाण्याआधी, मऊ असतानाच, मुठीत राहणाऱ्या भागावर ते बारचा सांकेतिक अंक ठोकतात. हा ठसा चाकू उघडा किंवा बंद असताना दिसत नाही. मूठ सोडवली तरच दिसतो. त्याचा पहिला वाचक ग्राहक नसून भट्टीवाला आहे. एका टोपलीत चार प्रकारच्या पोलादांची पाती जातात आणि बाहेर येताना सगळी करडी, सारखी दिसतात. ठोकलेला अंक असेल तर ती एकमेकांत मिसळत नाहीत. ठसा पिव्हटच्या (पाते ज्या खिळीवर फिरते तिच्या) भोकापासून आणि आतल्या कोपऱ्यांपासून दूर ठोकावा लागतो, नाहीतर थंड होताना तेथूनच तडा जाण्याची भीती असते. तो फार खोलही नको, पण सरफेस ग्राइंडरवरच्या शेवटच्या घासणीनंतर उरेल इतका हवा, आणि ठोकल्याने उचललेल्या कडा घासून टाकाव्या लागतात, अन्यथा पाते लायनरमध्ये (मुठीच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) अडकत चालते. डोळ्यांना दिसणारे पोलादाचे नाव, अनुक्रमांक आणि साल मात्र सगळे काम झाल्यावर, चाचणीचा कागद हातात असताना, विद्युत्प्रवाहाने उमटवले जाते.

बाईंनी नव्या चाकूवर कडकपणाचा आकडाही मागितला होता. तो पात्यावर नसावा, हे कारागिराचे म्हणणे मला योग्य वाटते. तो आकडा मुठीतल्या सपाट भागावर मोजलेला असतो, धारेवर रॉकवेलचे टोक टेकवताच येत नाही. आणि धार पुढे कोणी तापवली तर पात्यावरचा आकडा तसाच राहून दिशाभूल करील. तो चाकूसोबतच्या कार्डावर लिहिला जातो, तारखेसह आणि भट्टीच्या चक्रासह.

मोटारीच्या तुटलेल्या पाट्यांपासूनही (चाकांवरच्या स्प्रिंगच्या लांब पट्ट्यांपासून) ते कधीकधी चाकू करतात. पाटे बहुधा ईएन४५, एसयूपी९ किंवा तत्सम स्प्रिंगच्या पोलादाचे असतात, पण एखादा विशिष्ट पाटा कशाचा हे पाहून सांगता येत नाही. पूर्वी अशा चाकूंना सवयीने ५१६० (एका अमेरिकी स्प्रिंग पोलादाचा क्रमांक) म्हटले जाई. आता त्यांच्या पात्यावर ‘पाटा’ एवढाच शब्द आणि अनुक्रमांक असतो. ग्राहकांनी याबद्दल नाराजी दाखवलेली नाही. उलट काहीजण मुद्दाम तोच चाकू मागतात.

एक अडचण मात्र खरी आहे. टीसीसह पोलाद घ्यायचे तर दुकानदार पूर्ण बार घ्यायला सांगतो, आणि घडीचे चाकू करणाऱ्याला एक बार पुष्कळ वर्षे पुरतो. कट पीसकडे लोक वळतात ते याच कारणाने. यावर कारागिराने काढलेला उपाय इतरांनीही करण्यासारखा आहे. पिंपरी-चिंचवड परिसरातील आणखी दोघा चाकू करणाऱ्यांशी बोलून त्यांनी एक बार मिळून घेतला. बार दुकानातून निघण्यापूर्वी टीसीवरील हीट नंबर टोकावरच्या नंबराशी ताडून पाहिला, टोकाची एक चकती कापून तिची पूर्ण चाचणी करून घेतली, आणि मग कोऱ्या टोकाकडून तीन वाटे केले. प्रत्येक वाट्याच्या एका टोकाला तोच हीट नंबर ठोकला आहे, टीसीची आणि चाचणीची प्रत तिघांच्याही वहीत लावलेली आहे, आणि चाचणीचा खर्च तिघांनी वाटून घेतला.